उलट्या शॉकअपचे काका

ग्वाल्हेरचा मराठी माणूस निवृत्त झाला की तानपुऱ्याकडे वळतो, असा बाहेरच्यांचा समज आहे. कंपू भागातले काका स्क्रू-ड्रायव्हरकडे वळले. मुलाने परदेशातून नातवासाठी रिमोटची क्रॉलर गाडी पाठवली. नातवाच्या हाती ती फोटोपुरतीच आली.

क्रॉलर पळत नाही, दगडांवर चढते. खऱ्या जीपच्या एकदशांश, आणि चाल मुंगीची. मांढऱ्यांच्या मातेची टेकडी जवळच असल्याने दगडांना तोटा नाही. दसऱ्याला शिंदे घराणं तिथे शमीपूजनाला येतं; एरवी उतारावर राज्य काकांचं. ‘खेळणं’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी ब्रँडी नि सिगार घेऊन फिरायची, बाटली उचलली की आपोआप थांबायची. “तिला कुणी खेळणं म्हणालं?” असं विचारतात, आणि तिच्या शॉकअपकडे महाराजांनी लक्ष दिलं नसणार म्हणून हळहळतात.

कंपनीने काकांच्या गाडीचे शॉकअप रीतसर बसवले होते: तेलाची जाड नळी वर चासीला, बारीक दांडा खाली अ‍ॅक्सलला. काकांनी चारही उलटे केले. जाड नळी खाली गेली की वजन खाली जातं, तिरप्या दगडावर गाडी कलंडत नाही. शिवाय सील वर गेल्याने तेल कमी ठिबकतं. तत्त्व खरंच आहे. वजन किती खाली गेलं ते मात्र सराफ्यातल्या काट्यावरच कळावं. चाकांत पितळी वजनं घातली तर याहून कितीतरी जास्त काम होईल, पण काकांनी पितळेचं नाव काढलं की काकू समई कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावतात. उलटी नळी आता टायरला घासते. त्या आवाजाला काका ‘ट्यूनिंग’ म्हणतात.

“अहो, गुरुत्वमध्य खाली, गुरुत्वमध्य खाली काय लावलंय? सकाळ-संध्याकाळ बेडई खाऊन तुमचा केव्हाच आलाय खाली.”

“म्हणून तर मी कधी पडलो नाही!”

परवा शेजारचा पोरगा आपली केटीएम ड्यूक घेऊन आला. “काका, माझ्याही गाडीचे पुढचे शॉकअप उलटेच आहेत.”

“बेटा, तुझ्यात जाड नळी कुठे?”

“वर.”

“मग ते कसले उलटे! तुला पळायचंय, तुझं चाक हलकं हवं. मला चढायचंय, माझं खाली जड हवं.”

पोरगा पॉलिटेक्निकचा. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, “पण काका, जाड नळी खाली नि बारीक दांडा वर, हे तर साध्या स्प्लेंडरला असतं. म्हणजे तुमचं उलटं ते स्प्लेंडरचं सुलटं!”

ओट्यावरचे सगळे गप्प. एवढी मेहनत, नातवाची आसवं, घासलेले टायर, आणि शेवटी दूधवाल्याच्या गाडीसारखी रचना! काकांनी दारातल्या आपल्या जुन्या स्प्लेंडरकडे पाहिलं, वाकून तिची नळी चाचपली आणि प्रसन्न होऊन वळले.

“पाहिलंत? कंपनीलासुद्धा माझंच पटलंय.”