फोर बाय फोर आणि साडूभाऊ

पुण्यात फोर बाय फोर गाडी घेणाऱ्या माणसाला ‘कशाला घेतली?’ असं विचारू नये. विचारलं की तो सांगतो, आणि सांगायला लागला की दीड तास जातो. आमच्या साडूभाऊंनी निवृत्तीच्या पैशांतून अशी गाडी घेतली तेव्हा मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. नाशिकच्या कारखान्यातून आलेली, उंच, चौकोनी, लाल रंगाची ती गाडी सोसायटीत आली त्या दिवसापासून साडूभाऊ पायांत अंतर ठेवून उभे राहू लागले. भाजी आणायला जातानाही ते गाडीत ‘चढत’ आणि कोथिंबीर घेऊन ‘उतरत’.

या गाडीत नेहमीच्या गिअरशेजारी आणखी एक बुटका दांडा असतो. त्याच्या डोक्यावर टू एच, फोर एच, फोर एल अशी अक्षरं. टू एचमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडला जातो आणि चारही चाकं कामाला लागतात. फोर एल म्हणजे तेच, पण वेग कमी आणि जोर भरपूर. मालक पहिला महिनाभर या दांड्याकडे नुसता बघतो. मग त्याला राहवत नाही.

साडूभाऊंना दुसऱ्याच रविवारी राहवलं नाही. सिंहगडाच्या कडकडीत कोरड्या घाटात त्यांनी फोर एच टाकलं. आता वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. चिखलात किंवा बर्फात चाक जरासं घसरतं आणि हा हिशेब परस्पर मिटतो. कोरड्या रस्त्यावर घसरायला वावच नसतो, म्हणून सगळा ताण गिअरांत साठतो. स्टिअरिंग जड झालं, गाडी अडखळू लागली आणि खालून कट्-कट् आवाज यायला लागला.

“ऐकलंत मास्तर? गाडी बोलतेय!” साडूभाऊ म्हणाले.

“रडतेय,” मागून ताई, म्हणजे साडूभाऊंच्या पत्नी, म्हणाल्या.

मास्तर म्हणजे मी. माझं आयुष्य शाळेत घर्षणाचा गुणांक शिकवण्यात गेलं. घरात त्याचा कधी उपयोग झाला नाही. पण जानेवारीत मनालीला आणि तिथून अटल बोगद्याने पलीकडे लाहौलमधल्या सिस्सूला स्वतःच्या गाडीने जायचं असा साडूभाऊंनी बेत काढला, तेव्हा मला माझा विषय परत मिळाला.

तयारी मे महिन्यातच सुरू झाली. बर्फात टायरला बांधायच्या साखळ्या आल्या. साखळ्या बांधायचा सराव घरी, कोरड्यात करावा असं जाणकार सांगतात, आणि ते अगदी खरं आहे. शून्याखाली दहा अंशांत, हातमोजे घालून, अंधारात पहिल्यांदाच ती गुंतवळ सोडवायला बसलेला माणूस पाहवत नाही. साडूभाऊंनी तो सराव कोथरूडच्या पार्किंगमध्ये, चाळीस अंशांच्या उन्हात, बनियनवर केला. साखळी चाकावर पसरायची, आतला हुक आधी अडकवायचा, मग बाहेरचा, मग गाडी थोडी पुढे घेऊन पुन्हा आवळायची. हे सगळं घामाघूम होऊन चाललेलं असताना वॉचमन बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी काळजीने म्हणाला, “साहेब, गाडी चोरीला जाते म्हणून बांधताय का? मी आहे की इथं.”

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. पुणे ते मनाली दोनेक हजार किलोमीटर आहे आणि त्यातला बहुतेक भाग साडूभाऊंच्या बोलण्यात गेला. मनालीहून सोलंगच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं सुरू होतात. प्रत्येक दुकानाला नंबर असतो, कारण परतताना आपण कुणाचे बूट घातलेत हे गिऱ्हाइकाला आठवत नाही. ताईंना मिळालेल्या गुलाबी कोटात आधीच्या गिऱ्हाइकाचे शेंगदाणे निघाले.

बर्फ पडला की पोलीस नेहरूकुंडाच्या आसपास गाड्या अडवतात. पुढे फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. साडूभाऊंनी काच खाली घेतली आणि गाडीच्या मागच्या बाजूला असलेल्या बिल्ल्याकडे अंगठा दाखवला. हवालदाराने बिल्ला पाहिला, साखळ्या पाहिल्या, एमएच बारा नंबर पाहिला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, “बर्फ में चलाई है कभी?”

गाडीत शांतता पसरली.

“सिंहगड पे,” ताई म्हणाल्या.

त्या दिवशी त्याने आम्हाला सोडलं. का सोडलं, कोण जाणे. बहुधा सिंहगड हिमालयातच कुठेतरी असावा असं त्याला वाटलं.

जाताना काहीही झालं नाही, आणि फोर बाय फोरचा खरा धोका हाच आहे. साध्या गाड्या चढावर फिस्स् फिस्स् करत चाकं फिरवत होत्या आणि आमची गाडी तुऱ्यासारखा बर्फ उडवत वर चालली होती. साडूभाऊ प्रत्येक अडकलेल्या गाडीकडे करुणेने बघत. साध्या गाडीचा माणूस निघतानाच चाक घसरतं म्हणून घाबरतो आणि सावध होतो. फोर बाय फोरवाल्याला रस्ता निसरडा आहे हे कळतच नाही. कळतं ते ब्रेक दाबल्यावर.

कारण चारही चाकांना जोर मिळतो तो निघायला आणि चढायला. थांबायला तो उपयोगी नाही. ब्रेक हे सगळ्याच मोटारींना चारही चाकांवर असतात. शेजारच्या अल्टोलाही असतात, आणि आमच्या गाडीला थांबवायचं वजन मात्र तिच्या दुपटीहून जास्त. मी साडूभाऊंना गणितही सांगितलं होतं. ताशी ४० च्या वेगात करकचून ब्रेक लावला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण १० मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तिला ३० मीटर लागतात आणि गोठलेल्या पाण्यावर ६० सुद्धा. साडूभाऊ म्हणाले, “मास्तर, ही गणितं टू बाय फोरची.”

आणखी एक गोष्ट गाडी विकणारे सांगत नाहीत. चार चाकांना जोर म्हणजे चारही चाकं नेहमीच जोर लावतात असं नाही. साध्या डिफरन्शियलची रीत आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखी आहे. ज्याला पकड नाही तो जागच्या जागी गरगरत राहतो आणि ज्याला आहे तो शेजारी गप्प उभा असतो. म्हणून पुढचं एक आणि मागचं एक चाक बर्फात गेलं की उरलेली दोन कोरड्यावर असूनही गाडी हलत नाही. लॉक होणारं डिफरन्शियल असलं तर गोष्ट वेगळी. त्याखेरीज टायर आहेच. थंडीत सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होऊ लागतं. बर्फाचे खास टायर आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही, म्हणून साखळ्या. आमच्या साखळ्या मात्र डिकीत होत्या. ‘लागतील तेव्हा लावू’ असं ठरलं होतं.

अटल बोगदा सुरू झाला ३ ऑक्टोबर २०२० ला. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरांच्या वर. त्याआधी रोहतांगची खिंड बंद झाली की लाहौल महिनोन्‌महिने जगापासून तुटायचं. आता तिथल्या आजारी माणसाला हिवाळ्यातही खाली आणता येतं, आणि याच कारणासाठी तो बोगदा महत्त्वाचा आहे. आम्ही रील काढायला जातो हा भाग निराळा. या बोगद्याची गंमत अशी की अलीकडे ऊन असतं आणि पलीकडे कधी कधी भुरभुर बर्फ पडत असतो. आत कोरड्या, उजळ रस्त्यावरून निवांत आलेला माणूस बाहेर पडतो तो थेट बर्फावर. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान हजारेक गाड्या अडकून पडल्या होत्या. त्यांत फोर बाय फोरही होत्या. पुढच्या गाडीने रस्ता अडवला की मागचीला किती गिअर आहेत याला काही अर्थ उरत नाही.

सिस्सूला आम्ही चहा प्यालो, चंद्रा नदी पाहिली, फोटो झाले. परत निघायला उशीर झाला. दिवसभर उन्हाने वितळलेलं पाणी चारनंतर सावलीत पुन्हा गोठायला लागतं, आणि शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ फार थंड बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो. बोगदा संपवून मनालीच्या बाजूच्या धुंदीकडून खाली उतरताना एका वळणावर देवदारांची सावली होती आणि डोंगरातून झिरपणारं पाणी रस्त्यावर आलेलं होतं. बर्फ दिसतच नव्हता. काळं, ओलं डांबर दिसत होतं. पुढची टॅक्सी हळू झाली, साडूभाऊंनी ब्रेक दाबला.

पुढचे पाच-सात सेकंद मी बारकाईने पाहिले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर होता. चाकं पक्की थांबली होती. आणि खिडकीतून देवदार एकेक करून मागे जात होते. गाडी चालत नव्हती, पण जात होती. साडूभाऊंनी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं. गाडी नाकासमोर सरळच. “सोडा, ब्रेक सोडा!” मी म्हणालो. चाक फिरत असेल तरच वळतं, जखडलेलं चाक नुसतं सरकतं, हे मी नववीच्या वर्गाला कित्येकदा सांगितलंय. पण नववीच्या वर्गाचा पाय ब्रेकवर नसतो. आमची ही रामरक्षा म्हणायला लागली. ताईंनी साडूभाऊंना आयुष्यात पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

त्या हाकेने त्यांचा पाय उचलला गेला. चाकं फिरली, गाडी वळली आणि डोंगराच्या बाजूला साठवलेल्या बर्फाच्या ढिगात अलगद नाक खुपसून थांबली. दरी उजव्या हाताला होती हे कुणी बोललं नाही. तेवढ्यात साखळ्या लावलेली एक जुनी अल्टो खळखळ करत शेजारून गेली. तिच्या ड्रायव्हरने आमच्याकडे करुणेने पाहिलं.

मग साडूभाऊंनी बाहेर निघायला ॲक्सिलरेटर दाबला. चाकं फिरली, खालचा बर्फ वितळला आणि होती ती पकडही गेली. एवढ्यात एक स्थानिक टॅक्सीवाला गाडी लावून आला. त्याने न विचारता फावडं काढलं, चाकांपुढचा बर्फ उपसला, कडेची माती टाकली, सायलेन्सरच्या तोंडातला बर्फ बोटांनी कोरून काढला. या शेवटच्या गोष्टीला आम्ही हसलो असतो, पण तो हसत नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं गेली. काच बंद, हीटर चालू, सायलेन्सर बर्फाखाली आणि आत कार्बन मोनॉक्साइड. त्याला वासही नसतो.

“साहब, फोर एल, पहला गियर, ब्रेक को भूल जाओ,” तो म्हणाला. साडूभाऊ ब्रेकला विसरले. गाडी इंजिनाच्याच रोधाने, माणसाच्या चालीने, एकही झटका न देता उतरली. उतरण्याआधी डिकीतल्या साखळ्याही लावून झाल्या होत्या. त्या त्याने आठ मिनिटांत लावल्या. मे महिन्यातला आमचा विक्रम पाऊण तासाचा होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यालाच बोलावलं. त्याची जुनी जिप्सी, काचेला लोकरीचा गोंडा, हीटर नावापुरता. तो चढाला लागण्याआधी थांबायचा आणि पुढची गाडी वर पोचेपर्यंत वाट पाहायचा, कारण बर्फात चढावर मध्येच थांबलेली गाडी पुन्हा निघेलच असं नाही. उताराला गिअर आधीच खाली आणायचा. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवायचा की मागचे हॉर्न वाजवत. स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, कशालाच तो घाई करत नव्हता. रात्री गाडी लावताना त्याने हँडब्रेक ओढला नाही. तो गोठून बसतो, म्हणून सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवली आणि चाकांना दगड लावले. शेजारी बसलेले साडूभाऊ दिवसभर काही बोलले नाहीत. ताईंच्या मते ट्रिपचे पैसे तिथेच वसूल झाले.

तेव्हा यंदा जानेवारीत नवी फोर बाय फोर घेऊन मनालीला निघाला असाल तर जरूर जा. साखळ्या, फावडं, घोंगडी आणि दशम्या बरोबर ठेवा, दुपारी तीनच्या आत परत फिरा. आणि ताजा बर्फ पडला असेल तर गाडी हॉटेलखाली लावून तिथलाच ड्रायव्हर घ्या. फक्त त्याच्या शेजारी बसून त्याला सिंहगडाचं काही सांगू नका.