अशुभ महिन्याचा महासेल

पितृपक्ष जवळ आला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी न चुकता येते. कोणी जाणकार पंचांगकर्ते सांगतात, की पितृपक्षात खरेदी करू नये असे कोणत्याही ग्रंथात म्हटलेले नाही. लोक बातमी आदराने वाचतात, ‘बरोबर आहे हो त्यांचं’ म्हणतात आणि फ्रिज घटस्थापनेलाच घेतात. शास्त्राधाराने मान डोलते, पाकीट उघडत नाही, हे आपल्या व्यापाऱ्यांना अजून उमगलेले नाही. त्यांना एकदा आडीच्या महिन्यात चेन्नईला पाठवावे.

आडी हा तमिळ महिना, साधारण १७ जुलै ते १६ ऑगस्ट. दक्षिणायन लागले, देवांची रात्र सुरू झाली. लग्न नाही, गृहप्रवेश नाही, नव्या कामाला हात नाही. नवी नवरी असेल तर तिला माहेरी नेतात, कारण आडीत दिवस गेले तर बाळ चित्तिरैच्या, म्हणजे एप्रिल-मेच्या, ऐन उन्हात जन्माला यायचे. (चेन्नईचा मे महिना ज्याने काढला आहे, तो या रूढीला अंधश्रद्धा म्हणायला धजणार नाही.) शिवाय हा पेरणीचा महिना, त्यामुळे शेतकऱ्याचा पैसा शेतात. मुहूर्त नाही आणि खिशातही खडखडाट, अशा वेळी कापडवाल्याने करायचे काय?

त्याने शास्त्रार्थ केला नाही. ‘आडी तळ्ळुबडी’ अशी पाटी लावली, म्हणजे आडीची सूट. आडी शुभ आहे, असे तो चुकूनही म्हणत नाही. तसे म्हटले तर धंदाच बसेल. महिना वाईट, गिऱ्हाईक नाही, म्हणून बिचारा पडत्या भावात विकतो आहे, यावर लोकांचा विश्वास बसतो तो महिना वाईट असल्यामुळेच. गिऱ्हाइकाची समजूत खोडून काढण्याऐवजी त्याने तिलाच कामाला लावले, तेही बिनपगारी.

त्यागराय नगरातल्या रंगनाथन स्ट्रीटवर याचे प्रात्यक्षिक बघावे. मांबलम स्टेशनातून बाहेर पडले की आपण चालत नाही, गर्दी आपल्याला चालवते. आत साड्यांचा डोंगर, आणि त्यात कोपरापर्यंत हात घातलेल्या एक मामी. विचारलेत तर सांगतील, ‘आडीत आम्ही नवं काही घेत नाही.’ सांगताना हात थांबणार नाही. ही आडी पेरुक्कुसाठी, कारण आडीचा अठरावा दिवस नदीपूजेचा, तो चालतो. ही वरलक्ष्मी व्रताची. आणि ही दिवाळीची. घेतली आज, पण नेसणार दिवाळीत, म्हणजे आडीत घेतली असे म्हणताच येणार नाही. मग एका काउंटरवर बिल, दुसऱ्यावर पैसे, तिसऱ्यावर पिशवी, दारात बिलावर शिक्का. बिल झाल्यावर मन बदललेच, तर त्या गर्दीतून उलटे जाण्यापेक्षा पैसे भरणे सोपे. मन वळवण्याच्या शास्त्रावर ज्यांनी ग्रंथ लिहिले, त्यांनी या रांगेत अर्धा तास काढायला हवा होता.

मामी खोटे बोलत नाहीत, आणि बोलायचे एक, करायचे एक यात त्या एकट्याही नाहीत. १९३० च्या सुमारास रिचर्ड लापियर हा प्राध्यापक एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर हिंडला. चिन्यांविषयी तिथे तेव्हा उघड द्वेष. तरी अडीचशेवर हॉटेलांत आणि खाणावळींत ते गेले, आणि नकार मिळाला एकदाच. नंतर त्याने त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारले, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ कळवले. पत्रातला माणूस आणि गल्ल्यावरचा माणूस एकाच नावाने वावरतात, एवढेच. पिशवी हातात आल्यावर दोघांचे भांडण होऊ नये म्हणून मन जी सारवासारव करते, तिचा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने १९५७ साली मांडला. मामींचा ‘दिवाळीत नेसणार’ हा खुलासा त्यातलाच.

पण दुकानदाराचीही सरशी दर वेळी होतेच असे नाही. चेन्नईच्या सरवणा स्टोअर्स या दुकानांच्या घराण्यातले एक मालक हंसिका आणि तमन्ना या अभिनेत्रींबरोबर आपल्या दुकानाच्या जाहिरातीत नाचले. चेहरा सतत दिसला की आवडू लागतो, असे रॉबर्ट झायन्सने १९६८ मध्ये दाखवून दिले होतेच. चेन्नईने थट्टा करत करत तो चेहरा पाठ केला. मग साहेब २८ जुलै २०२२ रोजी ‘द लेजंड’ चित्रपटात नायक म्हणून आले. दिवस आडी अमावास्येचा. तमिळ माणूस अमावास्या चांगली मानतो, तेव्हा मुहूर्ताला दोष देता येत नाही. चित्रपट काही चालला नाही. तिकिटावर तळ्ळुबडी नव्हती, दुसरे काय!

तेव्हा पुण्यातल्या लक्ष्मी रोडच्या मंडळींना विनंती, की शास्त्राधार छापणे थांबवा. ‘पितृपक्ष महासूट’ अशी ठसठशीत पाटी लावा आणि पितृपक्ष अशुभच आहे, यावर ठाम राहा. पहिल्या वर्षी लोक नावे ठेवतील आणि तोंडाला रुमाल बांधून येतील. पुढे ‘आम्ही नाही हो मानत, सुनेनं बळेच घ्यायला लावली’ असे कानावर येईल. मग एखाद्या वर्षी कोणी सांगेल, की पूर्वजांनाही निम्म्या किमतीतच खरेदी आवडायची. आणि पुण्यात तरी हे खोडून काढायला कोणताही ग्रंथ पुरणार नाही.