चंबू आणि गबाळे

बेंगळुरूची भांडणं बिदर जिल्ह्यातल्या आमच्या दुबलगुंडीला पोहोचेपर्यंत शिळी होतात. 2024च्या एप्रिलातलं चोंबूचं भांडण मात्र गरमागरम आलं. काँग्रेसनं जाहिरात छापली: केंद्रानं कर्नाटकाला काय दिलं, तर हा रिकामा चोंबू! त्यावर नव्वदीतले देवेगौडा मोदींच्या सभेत म्हणाले, रिकामा चोंबू काँग्रेसनंच मागं ठेवला होता, मोदींनी त्याचं अक्षयपात्र केलं.

कन्नडातला चोंबू म्हणजे आपला चंबू. आमच्याकडं पहाटे तो हातात धरून शिवाराकडं निघालेल्या माणसाला 'कुठं?' असं कुणी विचारत नाही. त्या वर्षी विचारलं. उत्तर आलं, ''प्रचाराला.''

चंबूतला हिशोब असा. 2023चा पाऊस दगा देऊन गेला. 236 पैकी 223 तालुके दुष्काळी ठरले. राज्यानं सप्टेंबरापासून केंद्राकडं एकूण 18,171 कोटी मागितले. ऑक्टोबरात दिल्लीची पाहणी समिती आली आणि करपलेली पिकं बघून गेली. मग ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. अमित शहा म्हणाले, राज्यानंच अर्ज उशिरा दिला. राज्य म्हणालं, ही घ्या तारीख. आमच्या टपरीवरचे मामा म्हणाले, ''तारखेवरून भांडायलेत म्हणजे पैसे नाहीत.'' मामा तीन कोर्टकज्जे लढलेले आहेत.

राज्यालाही उगाच गरीब गाय समजू नका. फेब्रुवारीत अख्खं मंत्रिमंडळ 'माझा कर, माझा हक्क' म्हणत जंतरमंतरवर जाऊन बसलं. इकडं राज्याकडून शेतकऱ्याच्या हक्काचा पहिला हप्ता आला जास्तीत जास्त दोन हजार. डीएपीचं पोतं साडेतेराशेला. म्हणजे दीड पोतंही पुरतं होईना. खतखात्याचे केंद्रीय राज्यमंत्री तेव्हा आमचेच खासदार, भगवंत खुबा. उरलेल्या पोत्याचं त्यांनाच विचारावं म्हटलं, तर ते पुन्हा मत मागायला आलेले. समोर उमेदवार सागर खंड्रे, वय वर्षे 26, वडील ईश्वर खंड्रे राज्याचे वनमंत्री. दुष्काळात सगळ्यांची रोपं वाळली, एक वनखात्याच्या अंगणातलं तेवढं तरारलं.

मार्चमध्ये राज्य सुप्रीम कोर्टात गेलं. 22 एप्रिलला केंद्रानं तिथं सांगितलं, निवडणूक आयोगाची परवानगी आली आहे, आता देतो. मला हे फार आवडलं. सहा महिने ढगाची परवानगी नव्हती, मग तिजोरीची नव्हती, शेवटी आचारसंहितेची मिळाली! 26 एप्रिलला दक्षिणेकडच्या चौदा जागांचं मतदान उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी बातमी आली: 3,454 कोटी मंजूर. आमचं मतदान 7 मेला. त्या दहा दिवसांत दुबलगुंडीच्या शेतकऱ्याला जेवढा भाव होता तेवढा तुरीलाही कधी नव्हता.

एक पक्ष म्हणाला, बघा, दिले. दुसरा म्हणाला, बघा, कोर्टानं द्यायला लावले. मामांनी बोटांवर हिशोब केला: शंभर मागितले, एकोणीस मिळाले. ''सालगड्याला असा पगार दिला तर तो दुसऱ्या दिवशी बैलं सोडून जातो. आपण मात्र रांगेत उभं राहून बोटाला शाई लावून घ्यायची.'' लावून घेतली. वनखात्याचं रोपटं निवडून आलं, खतखात्यानं चंबूगबाळं आवरलं.

मे महिन्यात मामांच्या मोबाइलवर दुष्काळाच्या पैशाचा मेसेज आला. त्यांनी टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला, भज्यांसकट. दुपारी पासबुक भरायला बँकेत गेले, तर जमेच्या ओळीखालीच नावेची ओळ. साहेब समजावून सांगत होते, कर्जखातं थकलेलं, रक्कम तिकडं वळली. असं वळवू नका असं सरकारनं बजावलंय, हे मामांनी ऐकवलं. साहेब म्हणाले, वरून लेखी येऊ द्या.

मामा परत आले. टपरीवाल्यानं त्यांच्यापुढं पाण्याचा चंबू ठेवला आणि वहीत सात चहा, दोन प्लेट भजी असं लिहून घेतलं.