सिलिकॉनसम्राट माजी मालकांस



पत्रास कारण की, तुम्ही आम्हाला विकलेली बोट आम्ही उघडून पाहिली. आपल्या मालकीची वस्तू उघडून पाहायची वाईट खोड तुम्हाला कधीच नव्हती, हे तिच्या एकेका स्क्रूवरून कळतं.

तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो, बोट साधीसुधी नव्हती. हाँगकाँगच्या अमेरिकन मरीन कंपनीने केनेथ स्मिथ यांच्या आराखड्यावरून 1963 साली ‘स्प्रे’ नावाची 36 फुटी बोट पाण्यात सोडली. तिच्यापासून ग्रँड बँक्सचं घराणं सुरू झालं. 1973 पासून लाकडी सांगाड्याच्या जागी फायबरग्लास आलं, आणि आपली बोट त्यानंतरची, सिंगापूरची. निवांत चालीची, पोटात भरपूर डिझेल बाळगणारी, चेसापीक उपसागरात आठवडाभर भटकायला घरच्यासारखी. अशा बोटीची वाट लावायला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. ती तुमच्यापाशी होती.

डेकपासून सुरुवात करू. सागवानाच्या पट्ट्या फायबरग्लासवर स्क्रूने बसवलेल्या आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सागाचीच छोटी चकती, अशी मूळची रचना. तुम्हाला डेक नव्यासारखं दिसायला हवं होतं. म्हणून प्रेशर वॉशर मारला, मग सँडर फिरवला, पुन्हा वॉशर, पुन्हा सँडर. पट्ट्या इतक्या पातळ झाल्या की चकत्या टपाटप निघाल्या आणि स्क्रूंची डोकी वर आली. इथे दुसऱ्या कुणी स्क्रू काढून, भोक खोल करून, नवी चकती बसवली असती. तुम्ही सिलिकॉनची नळी उचललीत. प्रत्येक स्क्रूवर एक पांढरा ठिपका. लांबून डेकला गोवर आल्यासारखं दिसायचं.

एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. म्हणजे तुम्ही नुसती चूक केली नाहीत, ती दुरुस्त करायची वाटही बुजवलीत. ठिपक्यांखालून पाणी स्क्रूच्या आट्यांवरून आत उतरत राहिलं आणि फायबरग्लासच्या दोन थरांमधलं लाकूड कुजलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो तर निम्म्या डेकचा आवाज बद्द. माझा मित्र मूळचा वेंगुर्ल्याचा, एरवी मितभाषी. त्याने कटरने एक चौकोन कापला, आतला काळा चिखल चमच्याने बाहेर काढला आणि एवढंच म्हणाला, “मेल्यान वाट लावल्यान!” ही तुम्हाला मिळालेली पहिली पावती.

जाता जाता: मुंबईच्या गोदीत जमशेदजी बमनजी वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेलं, 1817 साली पाण्यात सोडलेलं एचएमएस ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षांत समुद्राला त्या सागाचं जे करता आलं नाही, ते तुम्ही वीकेंडांना करून दाखवलंत. अर्थात ट्रिंकोमालीला तुम्ही भेटला नाहीत, हे तिचं नशीब.

डेकमध्ये मुरलेलं तेच पाणी खाली उतरून डिझेलच्या लोखंडी टाक्यांवर साचलं. टाक्या वरून गंजल्या. तुम्ही बाहेरच्या, दिसणाऱ्या बाजूला झकास पांढरा रंग दिलात. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आता इंजिन. ‘अत्यंत कमी तास चाललेलं,’ असं तुमच्या जाहिरातीत होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. तासांच्या मीटरची वायरच काढलेली होती. फोर्ड लेहमन 120 हे सहा सिलिंडरचं, 6.2 लिटरचं, मुळात ट्रकसाठी घडलेलं कष्टाळू जनावर. त्याला फार लाड लागत नाहीत. वेळेवर तेल बदला, हीट एक्स्चेंजरमधली झिंकची कांडी झिजली की नवी घाला, एवढंच. त्याच्या इंजेक्शन पंपाला वेगळं तेल लागतं आणि ते दर 50 तासांनी बदलायचं, हे पुस्तिकेत छापलेलं आहे. पुस्तिका आम्हाला मूळ प्लास्टिकच्या पिशवीत मिळाली, सील न फोडलेली. इतकी जपून ठेवलेली दुसरी वस्तू बोटीवर नव्हती.

अशा बोटीत समुद्राचं पाणी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये सोडून धूर थंड करतात. तो एल्बो आतून गंजतो, म्हणून अधूनमधून काढून बघायचा असतो. तुमच्या एल्बोला आतून भोक पडलं आणि इंजिन बंद असताना खारं पाणी थेंब थेंब मागे फिरून सिलिंडरमध्ये गेलं. आम्ही हेड उतरवलं तेव्हा शेवटच्या सिलिंडरमध्ये पिस्टन आणि भिंत यांची कायमची सोयरीक जुळलेली होती. हातोडा, तेल, उष्णता, शिव्या, सगळं झालं. घटस्फोट मिळाला नाही.

मग नवं इंजिन. अर्ध्या टनाहून जड धूड चेन पुलीला टांगून केबिनमधून बाहेर काढताना दाराची चौकट वाचवायची, हा प्रकार तुम्ही बघायला हवा होता. खुर्ची दिली असती. नवं आहे चार सिलिंडरचं, 80 अश्वशक्तीचं. ‘एवढंसंच?’ असं तुम्ही नक्की म्हणाल, म्हणून आधीच सांगतो: पाणी कापत जाणाऱ्या अशा बोटीचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो. साधारण 35 फुटांना आठ नॉट्स. त्यापुढे जोर लावला तर मागची लाट मोठी होते आणि डिझेलचं बिल मोठं होतं, बोट पुढे फारशी जात नाही. इंजिन बदललं म्हणून त्याचे पाये नव्याने बांधले, गिअरच्या प्रमाणात बसेल असा पंखा घेतला. शाफ्टची ओळ बोट पाण्यात उतरल्यावरच जुळवता येते, कारण जमिनीवर टेकूंवर उभी बोट किंचित वाकते. कपलिंगच्या दोन तोंडांत इंचाच्या तीन-चार हजारांशाहून जास्त फरक चालत नाही. फीलर गेज घेऊन पोटावर आडवं पडलं की तुमची फार आठवण येते.

पण खरी दाद द्यायची आहे ती टॉयलेटखालच्या व्हॉल्व्हला. पाण्याच्या पातळीखाली, बोटीच्या पोटातल्या भोकावर, ब्राँझचा सीकॉक असायला हवा तिथे तुम्ही नळकामाच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह बसवलात. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरतं ते गुलाबी, बिस्किटासारखं ठिसूळ तांबं. मित्राने तो बंद करायला हात लावला आणि व्हॉल्व्ह अख्खा त्याच्या हातात आला. बोट तेव्हा यार्डात जमिनीवर होती, म्हणून हे पत्र विनोदी आहे.

डेक जुनं झालं याचा राग नाही. पन्नाशीच्या बोटीत कूज, गंज, गळती असणारच. तुम्ही प्रत्येक गळती पाहिलीत आणि झाकलीत. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती सव्वा लाखाला आम्ही घेतली.

कळावे, लोभ असू नये ही विनंती.

ता. क. : इंजिनरूममधून एक जाड लाल वायर भिंतीआड गेली आहे. तिला फ्यूज नाही, करंट मात्र आहे. मधला जोड घरातल्या वायरिंगसारखा प्लास्टिकची टोपी पिळून केलाय, म्हणजे तुमचीच सही. दुसरं टोक कुठे आहे, तेवढं कृपया कळवा.