बहात्तर मिनिटांचा तास

जबलपूरच्या मे महिन्यात ओल्या कपड्याला फार आयुष्य नसते. गच्चीवर आजीची नऊवारी वाळत घालायला घ्यावी, तर शेवटचे टोक दोरीवर पडेपर्यंत पहिल्या टोकाला आपला पाण्याशी कधी काही संबंध होता हेच आठवत नसे. पारा ४४ अंशांना टेकलेला, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि लू तेवढी घरोघरची दारे वाजवत हिंडते आहे. अशा गावात कपडे वाळवण्याचे यंत्र बाळगणे म्हणजे भेडाघाटला धुवांधार धबधब्याच्या शेजारी उभे राहून बादलीभर पाणी विकत घेण्यापैकीच. माझ्या मामाकडे अशी यंत्रे तीन आहेत. धुण्याची वेगळी.

जबलपुरात मराठी माणूस आला कुठून, याचे उत्तर थराथरांनी मिळते. कोणी सागरच्या मराठ्यांमागून आले, कोणी नागपूरकर भोसल्यांमागून, आणि राहिलेले रेल्वे नि कारखान्यांच्या भोंग्यामागून. आमचे घराणे भोंग्याचे. मामा जीसीएफमध्ये, म्हणजे १९०४ पासून चालत आलेल्या गन कॅरेज फॅक्टरीत, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. जन्मभर तोफांचे गाडे घडवणाऱ्या यंत्रांची नाडी पाहून तो निवृत्त झाला आणि नेपियर टाऊनच्या घरातला व्हरांडा त्याने धुलाई यंत्रांना देऊन टाकला. याच नेपियर टाऊनमध्ये हिंदीतले व्यंगलेखक हरिशंकर परसाई राहत. त्यांची नि आमच्या व्हरांड्याची गाठ पडली नाही, हे व्हरांड्याचे नशीब.

यंत्रे भिंतीशी ओळीने उभी असतात, अंगावर जुन्या चादरी. रात्री पाणी प्यायला उठलेल्या पाहुण्याला वाटावे, की मुलगी पाहायला आलेली मंडळी अजून गेलेली नाहीत. मामाचा नियम कडक आहे. गोल खुंटी कर्रकर्र फिरवायचे यंत्र त्याला चालत नाही. बटणे हवीत, काळ्या काचेमागे लाल आकडे हवेत, काम संपल्यावर 'पीं' असा आवाज हवा. साधारण १९८० ते २००० या काळातले, यंत्रांना नुकती बुद्धी फुटू लागली होती तेव्हाचे.

त्याहून जुन्या यंत्रांना वाली आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ईटन या गावी ली मॅक्सवेल या विद्युत अभियांत्रिकीच्या निवृत्त प्राध्यापकाने हजारांहून अधिक धुलाई यंत्रे जमवली. त्यांत लाकडी पिंपे आहेत, हाताने फिरवायचे दांडे आहेत, कपडे पिळायचे रूळ आहेत. कोणी पाहिले तर 'वा!' म्हणेल अशी रूपवान म्हातारी मंडळी. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते नि दिवे जमवून आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. अडकित्त्याला नक्षी असते, पितळेची झळाळी असते, कुणाच्या तरी पणजीच्या बोटांची ऊब असते. पण पिवळट पडलेल्या प्लॅस्टिकचे, बटणांवरची अक्षरे पुसली गेलेले यंत्र कोण जपणार? ते घरात ठेवण्याइतके नवे नाही, संग्रहालयात ठेवण्याइतके जुने नाही. वय नसलेल्या वयात अडकलेल्या या वस्तूंची जबलपुरात एकच जागा असते, ती म्हणजे गुरंदी बाजार.

गुरंदीत सुटे, तुटके, जुने सगळे मिळते. तिथले कबाडी मामाला ओळखतात. तो दिसला की लांबूनच 'आओ बड्डे' अशी हाक येते, आणि त्या एका 'बड्डे'त जबलपूरचे सगळे नागरिकशास्त्र सामावलेले असते. समोरचा लहान असो, मोठा असो, इथे तो बड्डेच. यंत्राचा भाव वजनावर ठरतो. स्टीलच्या टबचे इतके, मोटरमधल्या तांब्याचे तितके, पत्र्याचे वेगळे. हिशेब झाला की कबाडी पॅनेलमागचा हिरवा बोर्ड उपटतो नि मामाच्या हातावर ठेवतो. "ये तो दिमाग है बड्डे, मुफ्त ले जाओ।" मेंदूला वजन नाही, म्हणून त्याला भावही नाही. मामाने हा व्यवहार अनेकदा केला आहे आणि दर वेळी घरी येऊन तो तितक्याच उदासपणे सांगितला आहे.

उदास होण्याला कारण आहे. तोफेचा गाडा दुरुस्त व्हावा म्हणूनच बनवतात. हे बोर्ड मात्र ओल लागू नये म्हणून रेझिनमध्ये बुडवून कायमचे बंद केलेले असतात. मेकॅनिक येतो, झाकण उघडतो, 'पीसीबी गई' म्हणतो, झाकण लावतो. मामा दुपारच्या दुपारी हेअर ड्रायरने तो रेझिन मऊ करत बसतो नि दात कोरायच्या काडीने कणाकणाने सोलतो. आत कुठेतरी एक फुगलेला कपॅसिटर निघतो, बोटाच्या पेराएवढा, चार-पाच रुपयांचा. तो बदलला की काळ्या काचेमागे लाल आकडे उजळतात आणि मामाच्या चेहऱ्यावरही ती लाली पडते. "यांना जन्मताच सांगितलं, विचार कर. बिचारे विचार करायला लागले, तर यांचा विचार कुणी केला नाही," असे तो म्हणतो. मामी आतून विचारते, "चाय घेशील, की अजून त्याचं डोकं उघडंच आहे?"

त्याच्या संग्रहातले लाडके यंत्र फझी लॉजिकचे आहे. त्या दोन शब्दांची नव्वदच्या दशकात काय मिजास होती! लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये बर्कलीत मांडलेले हे गणित. त्यात वस्तू एकदम मळकी किंवा एकदम स्वच्छ नसते. ती बरीचशी मळकी असते, जराशी स्वच्छ असते. १९९० मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने ते धुलाई यंत्रात घातले. निचऱ्याच्या वाटेवर एका बाजूला अवरक्त किरणांचा बारीक दिवा, समोर तो पाहणारा डोळा. पाणी गढुळले की डोळ्यापर्यंत प्रकाश कमी पोहोचतो. झटकन गढुळले तर मळ मातीचा, सावकाश गढुळत राहिले तर तेलकट. त्यावरून किती वेळ धुवायचे, किती पाण्यात खंगाळायचे, हे यंत्र आपले आपण ठरवते.

हे वाचले तेव्हा मला परसातला आमचा धुण्याचा दगड आठवला. झिजून मधोमध खोलगट झालेला, कडेला रिठ्याच्या पाण्याचे जुने डाग. आजी त्याच्यापुढे बसून एकेक कपडा चिमटीत धरायची आणि नुसत्या स्पर्शाने वाटणी करायची. हा मातीचा, हा घामाचा, आणि हा तुझ्या आजोबांनी डोक्याला तेल चोपडून टेकवलेला अभ्रा. मग कशाला धोपटणे, कशाला नुसते चुबकणे, कशाला नीळ. बर्कलीला कळवण्यासारखे यात काही आहे, असे तिला वाटले नाही.

मामी त्या दगडाच्या परंपरेतली. यंत्रावर तिचा विश्वास नाही, पण मामाचे मन मोडायचेही नाही. म्हणून ती आधी कॉलर, कफ, गुडघे साबण लावून हाताने घासते, कपडे दोनदा खंगाळते, घट्ट पिळते आणि मग अत्यंत सौजन्याने यंत्राच्या स्वाधीन करते. यंत्राचा डोळा उघडतो. पाणी नितळ. तो थोडा वेळ थांबतो, पुन्हा पाहतो, पाणी नितळच. मग आकडे भराभर उतरतात आणि ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी 'पीं' होते. "बघ, किती हुशार आहे!" मामा म्हणतो. मामी काही बोलत नाही. जगात मळ नावाची वस्तू असते याचा पुरावा त्या यंत्राला आमच्या घरात आजवर मिळालेला नाही. इतक्या निष्पाप समजुतीवर एक आयुष्य निघू शकते, हे पाहून मला कधी हसू येते, कधी त्याचा हेवा वाटतो.

बुद्धीबरोबर विसरभोळेपणा आला, हेही याच व्हरांड्यात कळले. खुंटीचे जुने यंत्र वीज गेली की जागच्या जागी थांबते आणि आली की तिथूनच पुढे चालू लागते, कारण खुंटी कुठवर फिरली हे खुंटीलाच ठाऊक असते. मामाच्या या सुरुवातीच्या विचारवंतांना मात्र वीज गेली की पूर्वायुष्यातले काही आठवत नाही. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले, कोरब्याची वीजकेंद्रे तिकडे गेली आणि पुढची काही वर्षे इकडे अंधाराचे वेळापत्रक पाठ झाले. त्या दिवसांत मामाचा एक सदरा सकाळी यंत्रात गेला की दिवसभर पुन्हा पुन्हा पहिल्यापासून धुतला जायचा. संध्याकाळी तो बाहेर यायचा तेव्हा त्याच्या चौकटी फिकट झालेल्या असत, आणि चेहरा तीर्थयात्रा करून आलेल्या माणसाचा.

त्याच्याही आधी, २२ मे १९९७ च्या पहाटे, जबलपूर भूकंपाने हलले होते. अख्खी गल्ली पांघरुणासकट रस्त्यावर आली होती. नंतर कित्येक दिवस मामाचे यंत्र पिळण्याच्या फेरीला लागून व्हरांडाभर थरथरले, की शेजारच्या आजी तुळशीची माळ घेऊन अंगणात येऊन उभ्या राहत. मामा त्यांना रोज समजावून सांगे आणि त्या रोज ऐकून घेत. बाहेर मात्र येतच.

आता वाळवणाऱ्या यंत्रांकडे येतो. त्यांतली दोन मुकी आहेत, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. तिसरे अमेरिकेचे. तिकडे बरीच वर्षे काढून परतलेल्या एका कुटुंबाने घरसामानाबरोबर ते आणले, इथले ऊन पाहिले आणि मामाला दिले. पांढरेशुभ्र, रुंद खांद्यांचे, दार उघडले की आत पिवळा दिवा. ड्रमशी धातूच्या दोन पट्ट्या आहेत. ओला कपडा दोन्हींना एकदम चाटून गेला की ओलीतून किंचित वीज वाहते, आणि बोर्डाला कळते की काम बाकी आहे. कपडे सुकत आले की हा स्पर्श मुका होत जातो आणि यंत्र थांबते. मला ही रीत फार सभ्य वाटते. आपण वाळला आहात का, असे तोंडावर न विचारता नुसता हात लावून पाहायचा.

पण अमेरिकेची वीज वेगळी. त्याची मोटर १२० व्होल्टची, तापायची कॉइल २४० व्होल्टवर ५४०० वॉट ओढणारी. आमच्या भिंतीतले १६ अँपिअरचे सॉकेट ते ऐकूनच गरम झाले असते. मामाने मोटरसाठी ट्रान्सफॉर्मर आणला. व्होल्ट उतरले, पण ट्रान्सफॉर्मरला विजेची लय बदलता येत नाही. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपल्याकडे ५०. आणि या यंत्राचे घड्याळ हे हेलकावे मोजूनच वेळ ओळखते. साठ हेलकावे झाले की त्याच्या लेखी एक सेकंद सरला. त्यामुळे साठ मिनिटांचे बटण दाबले की ते जबलपुरात बहात्तर मिनिटे चालते.

मामाने हे दुरुस्त केलेले नाही. करता येईल, असे तो म्हणतो, पण करत नाही. आलेल्या-गेलेल्याला घड्याळ लावून दाखवतो. "अमेरिकेचा तास आपल्याकडे बहात्तर मिनिटांचा होतो." पाहुणे माना डोलावतात. हे खरे असणारच, असे प्रत्येकाला आतून वाटत असते. तिकडे गेलेल्या मुलांचे फोन किती घाईत संपतात नि इकडची दुपार किती वेळ संपत नाही, हे सगळ्यांनी अनुभवलेले असते. मामीचा लेक न्यू जर्सीला आहे. तिने एकदा विचारले, "मग ती वरची बारा मिनिटं तिकडे कुठे जातात रे?" मामाजवळ हेलकाव्यांचे गणित तयार होते. ते त्याने सांगितले नाही. "विचारतो त्याला रविवारी," एवढेच म्हणाला.

मे महिन्यात या यंत्राची कॉइल बंदच असते. ड्रायर खोलीतली हवा ओढतो, कपड्यांतून फिरवतो आणि बाहेर फेकतो. खिडकी उघडी ठेवली की लू स्वतःच आत येऊन बसते आणि कंपनीने नेमून दिलेले काम फुकटात करते. खरा कस लागतो श्रावणात. बरगीच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी येते, ग्वारीघाटच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, आणि घरोघर दारामागे, पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर कपडे लोंबू लागतात. कुबट, दमट, काही केल्या न सुकणारे. तेव्हा मामा कॉइलला २४० ऐवजी १२० व्होल्ट देतो. व्होल्ट निम्मे झाले की उष्णता निम्मी नव्हे, चौथाई होते; ५४०० चे १३५० वॉट, म्हणजे इस्त्रीहून जराशी जास्त. अमेरिकेचे ते धिप्पाड यंत्र मग आमच्या सॉकेटच्या ऐपतीत राहून मंद मंद तापते, आणि गल्लीतल्या पोरांचे शाळेचे गणवेश एकामागून एक त्याच्या पोटात शिरतात. पोरे बादल्या घेऊन व्हरांड्यात बसतात. मामा प्रत्येकाला पट्ट्यांचे शास्त्र समजावतो. मामी प्रत्येकाची कॉलर तपासते आणि दोन-चार गणवेश पुन्हा धुवायला घेऊन जाते.

हल्लीची यंत्रे फोनवर निरोप पाठवतात, हे मामाने ऐकले आहे. त्याला त्यांच्याविषयी राग नाही. वीस वर्षांनी त्यांचेही डोके फुकट मिळेल, एवढेच तो म्हणतो. सध्या त्याचे मन कटनीत गुंतले आहे. तिथल्या एका कबाड्याकडे निळ्या आकड्यांचे एक यंत्र आल्याची वर्दी आहे, आणि निळे आकडे आपल्याकडे एकही नाहीत. व्हरांडा भरला आहे. मामीने स्वच्छ सांगितले, की नवीन पाहुणा यायचा तर बैठकीतला दिवाण जाईल, देवघर जाणार नाही. मामाने रात्री टेप घेऊन दिवाण मोजला. यंत्रापेक्षा तो बराच लांब निघाला, म्हणजे तिथे एक सोडून दोन मावतील, असे त्याचे म्हणणे आहे. मामीच्या मते उरलेल्या जागेत कुंडी येईल. बोलणी चालू आहेत.