पौराणिक व्हिडिओ गेमचे परीक्षण : पहिल्या रांगेतल्या समीक्षकांसाठी काही सूचना

नाटकाच्या परीक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या एक सवलत मिळत आली आहे : दुसऱ्या अंकात डोळा लागला तरी नायकाच्या केसालाही धक्का लागत नाही. पौराणिक व्हिडिओ गेमच्या परीक्षकाला ही सवलत नाही, हे नवोदितांनी आधी ध्यानात घ्यावे. इथे पापणी मिटली की नायक मेला. बरे, दोष दिग्दर्शकावर ढकलावा तर कंट्रोलर आपल्याच हातात असतो आणि भाची शेजारी बसून बघत असते.

मी जन्मभर हौशी नाट्यस्पर्धांची परीक्षणे केली. वल्कले नेसून मनगटावरचे घड्याळ काढायला विसरलेले राम मी पाहिले आहेत. त्यामुळे एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘पौराणिक आहे, म्हणजे तुमचाच प्रांत’ असे म्हणून हे काम गळ्यात घातले, तेव्हा मी फारसा बिचकलो नाही. खेळ होता ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’. ‘गेम सायन्स’ या चिनी कंपनीने तो २० ऑगस्ट २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि संगणकासाठी आणला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. हा आकडा मी संपादकांना फोनवर सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

पूर्वतयारीत भाषा महत्त्वाची. कंट्रोलरला रिमोट म्हटले की परीक्षकाची पत जागच्या जागी संपते. चौकोनाचे बटण म्हणजे सोटा हाणणे, त्रिकोणाचे म्हणजे जोरात हाणणे, गोलाचे म्हणजे अंग काढून घेणे, ज्याला तरुण मंडळी ‘डॉज’ म्हणतात. हे पाठ करावे. ऐन प्रसंगी आठवणार नाही, तो भाग वेगळा.

मूळ ग्रंथ आपण कोळून प्यायलो आहोत असे वाचकाला वाटले पाहिजे. ‘पश्चिमेची यात्रा’ ही सोळाव्या शतकातली शंभर अध्यायांची चिनी कादंबरी. वू छंग-अन यांच्या नावावर ती सांगितली जाते. बौद्ध ग्रंथ आणायला भारताकडे निघालेला एक भिक्षू, आणि त्याच्या राखणीला दगडातून जन्मलेला उचापती वानर, सुन वुकाँग. या वानराचा सोटा १३,५०० जिन वजनाचा, म्हणजे काही टन. पण मनात आणले की सुईएवढा होऊन कानात राहतो. डोक्यावर सोन्याचे कडे. वानर ऐकेनासा झाला की भिक्षू मंत्र म्हणतो आणि कडे आवळते. हौशी रंगभूमीवरच्या दिग्दर्शकांना हे कडे का मिळू नये, असे वाटून गेले.

यानंतर तिसऱ्या वाक्याच्या आत महाराष्ट्र आणावा. मराठी परीक्षणाचे हे जुने शास्त्र आहे आणि एरवी ते ओढूनताणून पाळावे लागते. या खेपेस दैव अनुकूल आहे. त्या भिक्षूचा मूळ पुरुष, युआन श्वांग, सातव्या शतकात खरोखरच भारतभर हिंडला आणि दुसऱ्या पुलकेशीच्या अमदानीत महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. हरून आलेल्या सेनापतीला हे लोक शिक्षा करत नाहीत, बायकांची वस्त्रे देतात. आणि लढाईपूर्वी योद्धे स्वतः मद्य पितात व हत्तींनाही पाजतात, हेही. शेवटची माहिती परीक्षकाने छापावी, आचरणात आणू नये. मी लिंबू सरबतावर खेळलो. निकालात फरक पडला असता असे वाटत नाही.

वुकाँग म्हणजे आपला मारुतीच का, हा प्रश्न शेजारचे काका विचारणारच. त्यावर खुद्द चीनमध्ये शंभर वर्षांपूर्वी वाद झडून गेला आहे. हू श्र यांनी १९२३ मध्ये हनुमानाकडे बोट दाखवले, लू शुन यांनी चीनच्याच एका दंतकथेतल्या जलराक्षसाकडे. परीक्षकाने दोन्ही नावे घ्यावीत, ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ म्हणावे आणि पहिल्या जंगलात शिरावे. तिथले लांडगे संदर्भग्रंथ विचारत नाहीत.

आता गाभ्याचा मुद्दा. ग्राफिक्स, संगीत, पटकथा हे निकष कोणीही लावील. पौराणिक खेळाला मी एकच प्रश्न विचारतो : मरणाची व्यवस्था काय? अडचण अशी की देव मरत नाही आणि खेळणाऱ्याला मात्र मरावेच लागते. रामाला रावणाकडून सव्वीस वेळा मारवून सत्ताविसाव्या खेपेस जिंकवणाऱ्या नाटकाचा दुसरा प्रयोग कोणत्याच गावात लागणार नाही. व्हिडिओ गेमचा सारा प्रपंच या सव्वीस मरणांवर चालतो.

खुद्द देवाला खेळणाऱ्याच्या हाती देण्याचे धाडस २००९ मध्ये हैदराबादेत बनलेल्या, प्लेस्टेशन २ वरच्या ‘हनुमान : बॉय वॉरियर’ने केले. देवाला असे बटणांवर नाचवू नका, असा आक्षेप पार अमेरिकेतून आला. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली ‘राजी’ काढला तेव्हा अस्सल पुणेरी सावधगिरी बाळगली : लढते ती सर्कशीतली एक पोर, राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात, दुर्गा आणि विष्णू वरच्या वर बोलत राहतात. त्रिशूळ दुर्गेचा, मरणे राजीचे. ग्रीक पुराणांवर बेतलेल्या ‘गॉड ऑफ वॉर’ने २००५ मध्ये तिसरीच वाट काढली. त्यातला युद्धदेव एरिस भला थोरला खांब फेकून नायकाला पाताळात धाडतो आणि नायक तिथून चढून परत येतो. मरण कथानकातच मुरवले की तक्रार कोणाकडे करणार?

आणि वुकाँग? सुरुवातीची काही मिनिटे खुद्द तोच आपल्या हाती असतो. ढगांत एर्लांग नावाच्या देवाशी जुंपते, मोक्याच्या क्षणी डोक्यावर ते जुने कडे पुन्हा उगवते, आणि वुकाँग पडतो. तिथून पुढे आपण म्हणजे एक वेगळाच, तोंडातून अवाक्षर न काढणारा वानर. पडलेल्याचे सहा अवशेष गोळा करायला निघालेला. थोडक्यात, मुख्य नट आडवा झाल्यामुळे ऐन वेळी उभा केलेला बदली. तो शंभर वेळा तोंडावर आपटला तरी मूळ नटाच्या नावाला बट्टा लागत नाही. या युक्तीला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

परीक्षकाने वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक मरणाची नोंद करावी. माझ्या वहीत पहिली तीन मरणे लांडग्यांची आहेत. त्यानंतर एका मोकळ्या जागी एक भूत भेटते. अंग माणसाचे, डोके धान्याच्या पोत्याएवढे. ते त्या डोक्यानेच मारते. नोंदी अशा : मरण ४, डोके खाली आले. मरण ५, डोके खाली आले. मरण ९, डोके उशिरा खाली आले, मी आधीच उडी मारली होती. मरण १२, चहा आला होता. मरण १५, डोके.

“मामा, डॉज कर ना!”

“केला की.”

“लागायच्या आधी करायचा असतो रे.”

भाची अकरावीत आहे आणि तिच्या आईला हा खेळ मी मागवून घेतला असे सांगण्यात आले आहे. वास्तविक वानराच्या अंगी विद्या आहेत. एका मंत्राने समोरचा जागच्या जागी खिळतो. याला परीक्षणात ‘स्तंभन’ म्हणावे. भाची ‘फ्रीझ’ म्हणते, पण त्याने लेखाला वजन येत नाही. ते खिळले असताना पोटभर हाणून घ्यायचे असते. मी त्या अवधीत चष्मा पुसला. मरण २१.

मेल्यावर जाग येते ती भूमिदेवाच्या छोट्या देवळीपाशी. आपल्या वेशीवरच्या म्हसोबाची आठवण यावी असे ते ठाणे. उदबत्ती लावून विसावले की जखमा भरतात, औषधाचा भोपळा काठोकाठ भरतो, आणि मघाशी कष्टाने मारलेले सगळे लांडगे पुन्हा जिवंत होतात. देण्याघेण्याचा इतका चोख हिशेब ठेवणारे दैवत मी दुसरे पाहिले नाही. शिवाय इथे ‘सोपे’, ‘मध्यम’, ‘अवघड’ अशी निवड नाही. आबालवृद्धांना एकच प्रश्नपत्रिका.

तेविसाव्या मरणानंतर भाची सहज म्हणाली, “मामा, हा ऑप्शनल आहे. बाजूने निघून जाता येतं.”

“हे आधी नाही सांगायचं?”

“तू वहीत लिहीत होतास.”

नेपथ्याबद्दल भरभरून लिहावे, कारण ते मेल्यावरही दिसते. या मंडळींनी चीनमधली ३६ खरी स्थळे खेळात घेतली आहेत, त्यांतली २७ एकट्या शान्शी प्रांतातली. देवळांच्या लाकडी तुळया, रंग उडालेल्या मूर्ती, कोपऱ्यात साचलेली धूळ, सगळे असे की चप्पल काढावीशी वाटते. एक दोष मात्र नोंदवतो. समोर पायवाट स्वच्छ दिसते, आपण निघतो, आणि हवेवरच नाक आपटते. नाटकमंडळ्यांच्या रंगवलेल्या पडद्यावरही असाच राजवाडा असायचा. फरक इतकाच की त्या दारातून आत जायचा प्रयत्न कोणी करत नसे. (एकदा एका दुष्यंताने केला होता. पडदा फाटला.)

गुण देताना दहापैकी साडेसात देऊ नयेत. मराठी वाचकाला साडेसाती आठवते. आठ द्यावेत आणि अर्धा गुण ‘अतिहिंसेमुळे’ कापल्याचे कुठेतरी लिहावे. ती हिंसा प्रामुख्याने आपल्यावरच झाली, हे सांगत बसू नये. पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या काळ्या अस्वलाला भाचीने मारले, याचाही परीक्षणाशी संबंध नाही.

दुसऱ्या अध्यायात, पिवळ्या वाऱ्याच्या रखरखीत डोंगरात, एक गवई भेटतो. पहिल्या अध्यायात नुसते डोकेच होते, इथे डोकेच नाही. मानेपाशी माणूस संपतो, आणि तरी हातातल्या तीन तारांच्या सान्शियानवर तो खड्या आवाजात आख्यान लावतो. शेजारच्या शाआन्शी प्रांताच्या उत्तरेकडची ही कथा सांगण्याची गायकी आहे, हे मला नंतर कळले. तेव्हा मला आमच्या गावची, संबळ आणि तुणतुण्याची रात्र आठवत होती. एक शब्द कळत नव्हता. मी वानराला त्याच्यासमोर नेऊन उभे केले आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“मामा, पुढे जा ना.”

“अंक संपू दे,” मी म्हणालो.

तिथे माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा खोलीतला दिवा बंद होता, भाची झोपायला गेली होती, आणि वानर होता तिथेच, सोटा घेऊन, धडधाकट उभा होता.