रोम, व्हाया सरळगाव

आमचा मुलुंडकर मित्र गेली सहा वर्षं इटलीला जातोय. अजून पोचला नाही, ते सोडा. एका वर्षी करोना आडवा आला, एका वर्षी मुलीची दहावी, एका वर्षी सोसायटीचं रिडेव्हलपमेंट. यंदा मात्र गडी इरेला पेटला होता. शुक्रवार ते सोमवार, फक्त रोम, फक्त आम्ही दोघं. यात माझं नाव कसं आलं ते मला ठाऊक नाही. माझा पासपोर्ट मुलानं हौसेनं काढून दिलेला, त्यावर अजून एका शिक्क्याची बोहनी झालेली नाही. पण मुलुंडकरानं माझीसुद्धा फाइल केली. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे फोटो, सगळं. व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख तेवढी मिळाली ती परतीच्या विमानानंतरची.

बुधवारी रात्री त्याचा फोन आला. "बॅग भर. शनिवारी इटलीला निघायचंय."

"आणि व्हिसा?"

"लागत नाही. तुझ्या बाजूलाच आहे. मुरबाड तालुक्यात."

मी शहापूरचा. आमच्याकडं माणसं येतात ती माहुली किल्ला चढायला, नाहीतर नाशिकला जाता जाता वडापाव खायला. 1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीसाठी शेवटची झुंज दिली ती याच माहुलीवर. पण गडावर जायला युरो लागत नाहीत, म्हणून मुलुंडकर तिकडं कधी फिरकला नाही. कसारा लोकल त्याच्या मुलुंडावरूनच येते, आसनगावला उतरलं की झालं, हे मी त्याला पंचवीस वर्षं सांगतोय. फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला माणूस उद्या जाऊ म्हणतो.

शनिवारी सकाळी गाडी दारात. किन्हवली मागं टाकली आणि रस्त्याकडेला बाया बसलेल्या दिसल्या, समोर पळसाच्या पानांचे द्रोण, द्रोणांत करवंदं. वीस रुपयांना एक. मुलुंडकरानं घासाघीस करून तीसला दोन घेतले, दोन-तीन तोंडात टाकली आणि "चीक फार आहे रे" म्हणून द्रोण डॅशबोर्डवर ठेवून दिले. हे सांगतोय ते उगीच नाही. संध्याकाळी तीच करवंदं पुन्हा भेटली, काचेच्या वाटीत, आइस्क्रीमच्या गोळ्यावर. मेनूकार्डावर 'वाइल्ड बेरी जेलातो', 280 रुपये अधिक जीएसटी. त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली.

सरळगाव गेलं, टोकावड्याच्या अलीकडं गाडी उजवीकडं वळली, धुळीतून दोन वळणं घेतली आणि इटली आली. सिमेंटची कमान, कमानीवर दोन सिंह. एकाचं शेपूट गळून आतली सळई दिसत होती. आत तीन बंगले: रोम, व्हेनिस आणि फ्लोरेन्स. फ्लोरेन्समध्ये एका कंपनीचं 'टीम बिल्डिंग' चाललं होतं आणि स्पीकरवर झिंगाट होतं.

आमच्या भागात पूर्वी शहरातल्या माणसानं घर बांधलं की त्याचं नाव 'श्रमसाफल्य' असायचं, फार तर 'मातृछाया'. बांधणारा रिटायर झालेला असायचा, त्याला दम्याचा त्रास असायचा आणि तो अंगणात भेंडी लावायचा. आता साफल्य श्रमाआधीच मिळत असल्यामुळं ते नाव मागं पडलं. नव्या मालकाला डोंगर आपला चालतो, नाव मात्र परक्याचं लागतं. यात मुरबाडकरांनी लाजण्यासारखं काही नाही. मुळशीत वरसगाव धरणाच्या काठी लवासा उठवली तेव्हा पोर्तोफिनोच्या रंगीत इमारतींची आख्खी रांगच पाण्याकाठी उभी केली होती. पुढं कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली, पण रांग तिथंच आहे आणि लोक अजून तिच्यासमोर फोटो काढतात. आमचे तीन बंगले त्या मानानं अगदीच सोज्वळ.

व्हेनिस म्हणजे तळं. काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, चारी बाजूंनी तिरकस, तारेचं कुंपण घातलेलं. आम्ही खेड्यातली माणसं त्याला शेततळं म्हणतो आणि त्याला सरकारी अनुदान असतं. या तळ्याला होतं की नव्हतं ते मी विचारलं नाही. पाहुण्यानं यजमानाचा सातबारा मागू नये. तळ्यात एक होडी, टोकं वर वळवून काळी रंगवलेली. वल्हवणारा पोरगा शेजारच्या पाड्यावरचा. सकाळी तो गेटवर वॉचमन असतो, दुपारी पिझ्झ्याचं पीठ मळतो आणि पाचनंतर आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट घालून गोंडोलियर होतो. मुलुंडकर म्हणाला, "तिकडं हे लोक गातात." पोरगा लाजला, मग त्यानं हरिपाठ धरला. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, आवाज कसला खणखणीत! ऐन उन्हाळ्याची संध्याकाळ, पलीकडं सह्याद्रीची भिंत तांबूस झालेली, आणि फुटलेल्या प्लॅस्टिकच्या काठानं ज्ञानोबा-तुकोबा. मला खरंच बरं वाटलं. मुलुंडकरानं व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, 'लाइव्ह ऑपेरा'.

खरी व्हेनिस 2024 पासून गर्दीच्या दिवसांत दिवसापुरतं येणाऱ्याकडून निदान 5 युरो घेते, ही माहिती त्यानंच दिली. "इथं तर जेवण धरून आहे," तो म्हणाला. सौदा फायद्यात पडल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर रात्रभर होतं.

आता कारंज्याकडं येतो, कारण इटलीचा खरा खर्च तिथं होता. रोम बंगल्यापुढं अर्धगोल हौद, हौदात समुद्रदेव नेपच्यून, पायाशी दोन घोडे. हे इथलं त्रेवी कारंजं, रोमच्या प्रसिद्ध कारंज्याच्या नावाचं. उलटं उभं राहून खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो, असं म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा देव कोरडा होता. व्यवस्थापक म्हणाला, "सर, पाच मिनिटं. पाणी रस्त्यात आहे." थोड्या वेळानं खरंच आलं. दहा हजार लिटरचा टँकर, मागं हिंदीत 'जल ही जीवन है'. ड्रायव्हरनं नेपच्यूनच्या काखेखालून पाइप सोडला. अर्ध्या तासात देवाच्या त्रिशूळातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि मुलुंडकरानं टाळ्या वाजवल्या.

इथं माझ्यातला शहापूरकर जागा झाला. मुंबई ज्या सात तलावांचं पाणी पिते त्यातले तुळशी आणि विहार तेवढे तिच्या स्वतःच्या अंगणातले. तानसा आमच्या तालुक्यात, 1892 चं धरण. भातसा आमच्या तालुक्यात, आणि मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातशाचा. माणूस बुडेल एवढ्या जाड्या नळांतून ते पाणी आमच्या शेतांच्या बांधांवरून घरंगळत मुलुंडला जातं. आणि मार्च उजाडला की त्याच नळांच्या आसपासच्या पाड्यांवरून टँकरचा अर्ज तहसील कचेरीत जातो.

मी मुलुंडकराला म्हटलं, "तुझा बंगला रोम, पण खरी रोम तू राहतोस ती. प्राचीन रोमला लांबून पाणी आणणारे अकरा कालवे होते. डोंगरातल्या झऱ्यापासून शहरातल्या हमामापर्यंत. शहापूर म्हणजे त्या कालव्याचं वरचं टोक."

"मग वरच्या टोकाला पाणी जास्त असेल ना?"

"फ्रॉन्टिनस नावाचा त्यांचा पाणीखात्याचा बडा साहेब होता, इसवी सन 97 मध्ये नेमलेला. वाटेत लोक नळ फोडून पाणी चोरतात, अशी त्याची तक्रार आहे. वरच्या टोकाच्या लोकांनी काय प्यावं, हे त्याच्या खात्यात बसत नव्हतं."

मुलुंडकर म्हणाला, "तुझ्याबरोबर इटलीला येणं म्हणजे डोक्याला ताप आहे."

रात्री गच्चीवर बसलो. वाइन होती, नाशिकची. समोर काळोखात नानाचा अंगठा ओळखू येत होता. त्याच्या कुशीत नाणेघाट. पायथ्याचं वैशाखरे मुरबाड तालुक्यातलं, माथा जुन्नरचा. सोपारा-कल्याण बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं वर देशावर चढायचा. माथ्यावर दगडाचा एक रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडायची म्हणतात. शेजारच्या लेण्यात नागणिका राणीचा ब्राह्मी लेख, यज्ञात किती गाई, किती घोडे आणि किती कार्षापण दान दिले त्याचा हिशेब. आपल्याकडच्या देणगीदारांच्या पाट्यांची आजी म्हणायची. आणि त्या काळात पश्चिम किनाऱ्यावर दारूही उतरत होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात भडोच बंदरात येणाऱ्या मालाची यादी आहे, त्यात वाइनमध्ये पहिला मान इटलीच्या वाइनला. त्याच पुस्तकात कल्याणचंही नाव आहे. तसल्या दारूच्या रांजणांची खापरं जुन्नरच्या उत्खननात सापडली. म्हणजे इटली इथं यायची, पाठीवर बुधले लादून, घाम पुसत, रांजणात जकात टाकून. रोमचा प्लिनी तर हात चोळत बसला होता, हिंदुस्थान आमचे दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो म्हणून.

"पाच कोटी?" मुलुंडकर सावरून बसला. "त्या वेळी इथं गुंठ्याचा भाव काय असेल रे?"

कारण व्यवस्थापकानं दुपारीच त्याच्या हातात प्लॉटचा नकाशा ठेवला होता. समृद्धी महामार्ग झालाच आहे, कल्याण-मुरबाड रेल्वे आलीच समजा. ही रेल्वे निवडणुकीच्या सभांतून इतक्या वेळा धावली आहे की जुन्या माणसांना तिचं वेळापत्रक पाठ आहे. अडचण एकच. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी लागतो. मुलुंडकराच्या चार पिढ्यांनी कुंडीत तुळस सोडून काही लावलेलं नाही. पण व्यवस्थापक धीर देत होता: आजोबांचा कुठं सातबारा निघतो का बघा, एखाद्या पोटहिश्श्यात नाव असलं तरी चालेल. मुलुंडकराला रात्री साडेअकराला संगमेश्वरच्या चुलत्याची आठवण झाली. त्या चुलत्याशी त्याची पंचवीस वर्षं बोलचाल नाही. रोमसाठी बँक स्टेटमेंट काढणारा माणूस मुरबाडसाठी गोत्र काढायला बसला. मला विचाराल तर शेंगेन व्हिसा सोपा.

झोपायच्या आधी त्यानं कारंज्यापाशी जाऊन, उलटं उभं राहून, खांद्यावरून दहाचं नाणं टाकलं. हौद तुडुंब होता. नाणं कुठं गेलं ते दिव्याच्या उजेडातही दिसलं नाही.

मला पहाटे जाग येते, सवय आहे. साडेपाचला बाहेर आलो तर नेपच्यूनच्या पायाशी तीन बाया. हंडा, कळशी, एकीकडं तेलाचा निळा कॅन. घोड्याच्या पाठीवर पाय देऊन एक जण ताटलीनं पाणी भरत होती, आवाज न करता. कालचा पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट घातलेला पोरगा गेटवर उभा राहून रस्ता बघत होता.

"पाड्यावर टँकर येत नाही का?" मी हळूच विचारलं.

"येतो ना काका. एक दिवसाआड येतो. काल याचा होता, आन् वळला इकडं." मग तिनं पदर डोक्यावर घेतला. "सायबाला उठवू नका हां. पैशाला हात नाही लावत आमी. पानीच नेतो."

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, तोल सावरत त्या कमानीतून गेल्या. पोरग्यानं पायानं ओल्या फरशीवर माती सारली.

मुलुंडकर आठ वाजता आळस देत आला, कॉफीचा कप घेऊन. हौदात वाकून बघितलं आणि एकदम ओरडला, "अरे, इकडं ये! काल दिसत नव्हतं, आज बघ नाणं कसं लख्ख वर आलंय! आता परत येणं नक्की!"